चेहऱ्यांचे भाग

नेरुळ
५ जानेवारी २०२५

सहर,

तुझा श्रीवर्धनचा पत्ता मरियम खालाने दिला. तुझ्या अम्मीला बोलू नकोस, मीच मागितला. ती नंबरही देत होती. मी म्हटलं, नको. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडू, आणि मला तुझ्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. सहा वर्षांनी लिहितेय म्हणून त्याचा भलता अर्थ काढू नकोस. जे झालं ते मी विसरलेली नाही.

काम असं आहे: 'ध्रुवतळ' सापडलंय.

हो, तेच. आपण धरून चाललो होतो की मालिकेच्या टेपा पुसल्या गेल्या, संपलं. गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ शुगर तपासायला आले. मी त्यांचं नाव लिहून घेत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि फोनमधून 'ध्रुवतळ'चं सुरुवातीचं संगीत आलं. ते बासरी आणि मागे मशीनसारखी घरघर.

मी विचारलं, "काका, हे तुमच्याकडे कुठून?"

"कुठून म्हंजे? आमीच जोडलंय ते," काका म्हणाले. "सगली मालिका मी कापलीय. एडिटर होतो ना."

धर्मराज म्हात्रे. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावातलेच. शीर्षकाच्या शेवटी ज्यांचं नाव इतकं झरझर जायचं की आपल्याला कधी वाचताच आलं नाही, ते. घरी माळ्यावर टेपा होत्या, मुलाने त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. पाच-सहा भाग खराब निघाले. बाकी सगळे आहेत.

तर मी ठरवलंय की फेब्रुवारीत एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा आणि दिवसभर 'ध्रुवतळ' बघायचं. एका दिवसात सात भाग बसतात. मग निवडायचे कुठले? मला सरसकट नको, काहीतरी सूत्र हवं. सूत्र ठरवलंय: चेहरे. ज्या भागांत कॅमेरा माणसांच्या तोंडावर थांबतो ते भाग. उल्का, लढाया, यानं, स्फोट, यातलं काही नको.

अडचण अशी की म्हात्रेकाकांच्या फाइलींना नुसते आकडे आहेत, आणि काकांना गोष्टी आठवत नाहीत. ते म्हणतात, "मला फक्त कुठं कापलं ते आठवतं." सगळे भाग बघत बसायला मला वेळ नाही. तुला मात्र कुठल्या भागात कमांडर शाल्मलीने कुठल्या हाताने दार लोटलं तेसुद्धा आठवायचं. सातवीतल्या परीक्षेत भूगोल आठवला नाही, पण हे आठवायचं. तुमच्याकडे रंगीत टीव्ही होता, दर रविवारी सकाळी मी तुमच्या सोफ्यावर, आणि खाला मध्येच सांदणं आणून द्यायची. मी खायचे, तू डोळे न हलवता बघायचीस.

म्हणून विचारतेय. चेहऱ्यांचे भाग कुठले, ते लिहून पाठव. एवढंच काम.

अक्षरं मोठी आली आहेत, प्रिंटरचं सेटिंग बिघडलंय. मी अजून त्याच लॅबमध्ये आहे, आता काउंटरवर बसते. मायक्रोस्कोपचा कंटाळा आला.

सोनम


नेरुळ
२० जानेवारी

सहर,

पत्र मिळालं. तुझ्या अक्षरात काही फरक नाही. आई म्हणाली, "या पोरीचा 'र' अजून उडी मारतोय."

तू सुचवलेल्या भागांतले पाच मी घेतले. 'निरोप' घ्यायलाच हवा. इंजिनिअर ताम्हणे बंद दाराच्या काचेपलीकडे आणि बोलणं ऐकू येत नाही, फक्त तोंड. 'पाणी' पण. शेवटची टाकी कुणाला द्यायची हा निर्णय शाल्मली सांगत नाही, नुसती एकेकाकडे बघते. ते मला आठवत होतं, पण भागाचं नाव आठवत नव्हतं. 'खंडूचा वाढदिवस' मात्र मी काढला. खंडू रोबो आहे गं. त्याला चेहरा कुठे आहे? पत्र्याचा डबा आणि दोन बल्ब. तू लिहितेस की त्या भागात बाकीचे सगळे खंडूकडे बघतात आणि आपण त्यांचे चेहरे बघतो. मुद्दा बरा आहे. तरी नको.

आता तुझा मोठा प्रश्न. 'उल्कायुद्ध' का नाही? ज्या भागासाठी मी आत्याच्या हळदीतून पळून आले, तोच भाग मी वगळतेय, हे तुला पटत नाही.

हा प्रश्न तू एकटीच विचारत नाहीस. आमचे सेक्रेटरी हौसेराव तर हॉलची चावीच देईनात. ते मूळचे परभणीकडचे, वीजमंडळातून रिटायर झालेत. मला म्हणाले, "ताई, लेकरं येणार. त्यांना धडामधुडूम लागतं. तुम्ही नुसती तोंडं दाखवणार तर बसतील का कुणी?"

मी म्हटलं, "नाही बसले तर उठून जातील. हॉल मोकळा होईल."

"आणि लोक मला विचारतील, सेक्रेटरी, हे काय लावलंय?"

"सांगा, सोनमने लावलंय."

शेवटी त्यांनी चावी दिली. बदल्यात एक अट घातली की सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल मध्यंतरात दोन मिनिटं ते बोलणार. बोलू देत.

म्हात्रेकाकांकडे रविवारी जाऊन आले. घर छान आहे, समोर अजून विहीर आहे, तिच्यावर जाळी टाकलीय. मी त्यांना विचारलं की त्या काळी सगळ्या मालिकांमध्ये लोक लांबून दिसायचे, तुमच्याच मालिकेत एवढे जवळून चेहरे का? मला वाटलं काहीतरी मोठं कारण असेल. काका हसले.

"सेट पडायचा ना! थर्माकोलच्या भिती. पंखा लावला का हलायच्या. भित हालली का मी काय करनार? जवलचं तोंड हाय ते लावायचं. शाल्मलीचं काम करनारी बाई चांगली होती. तिच्या तोंडावर किती बी वेल थांबलं तरी चालायचं. म्हनून थांबलो."

म्हणजे आपण ज्याच्यावर वहीभर लिहायचो ते हलणाऱ्या भिंतीमुळे होतं. मला हे आवडलं. तुलाही आवडेल म्हणून सांगितलं.

'उल्कायुद्ध'चं एवढंच सांगते की ते मला नंतर कधीही बघता येईल. उजेड, धावपळ, मोठमोठी यानं, ते कुठे जात नाही. चेहऱ्यांचं आधी करायचं आहे.

तारीख २३ फेब्रुवारी. रमजान सुरू व्हायच्या आधीची मुद्दाम घेतली, म्हणजे खालाला दिवसभर बसता येईल.

सोनम


नेरुळ
६ फेब्रुवारी

सहर,

तुझं पत्र आईने वाचलं. मला वाचून दाखवलं. निम्म्यावर आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला, पण मी तिला थांबू दिलं नाही. तू दिलेल्या शिव्या मी आमच्या आईच्या, गिरजाबाईंच्या, तोंडून ऐकल्या. अंगणवाडीत तीस वर्षं गोष्टी सांगितलेल्या बाईने 'तुझा माज' हा शब्द किती नीट उच्चारला ते तू ऐकायला हवं होतंस.

तू विचारलंस की तुझ्या खासगी पत्रांचं माझी आई काय करते. आणि दुसरं विचारलंस की मार्केटमध्ये तुझ्या अम्मीने माझ्याकडे बघून हात वर केला, हसली, आणि मी तिच्या डोळ्यांत बघून शेपूची जुडी पिशवीत टाकून निघून गेले, ते का. भांडण तुझ्याशी आहे, तर अम्मीचा अपमान कशासाठी.

दोन्हींचं उत्तर एकच आहे. मला दिसत नाही.

पूर्ण आंधळी झालेली नाही, होणारही नाही. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक जागा असते, आपण जिथे बघतो ते त्या जागेवर पडतं. माझी ती जागा मरत चाललीय. दोन्ही डोळ्यांची. सरळ बघितलं की मधे धूसर राखाडी डाग, आणि त्याच्या कडेने सगळं जग जागच्या जागी. खिडकी दिसते, खिडकीत उभं असलेलं माणूस दिसतं, त्याचा शर्टही दिसतो. त्याचं तोंड दिसत नाही. पहिल्यांदा मायक्रोस्कोपमध्ये कळलं. स्लाइडच्या मधल्याच पेशी गायब. मी लेन्स पुसत बसले.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत, गोड बोलत नाहीत. मी विचारलं, "चष्मा?" "नाही." "ऑपरेशन?" "नाही." "किती दिवस?" "ते मी सांगू शकत नाही. तुमचं हळूहळू जातंय. वाचन आणि चेहरे आधी जातील. चालणं-फिरणं, उजेड, हालचाल राहील."

त्यावरून सूत्र सुचलं. उल्का मला साठाव्या वर्षीही दिसतील. ताम्हण्यांचं काचेपलीकडचं तोंड दिसणार नाही.

हे तुला लिहायचं नव्हतं. तू लगेच हळवी होशील आणि सहा वर्षांचा राग फुकट जाईल, असं वाटलं. तो राग माझा आहे, मी तो डोळ्यांच्या बदल्यात देणार नाही. रोहनने मला सोडलं तेव्हा तू माझ्याकडे येऊन स्वयंपाक करायचीस, भांडी घासायचीस. नंतर त्याने दुसरं लग्न केलं आणि त्याच्या लग्नाच्या फोटोत तू दुसऱ्या रांगेत, हिरव्या साडीत, हसत. तो तुझ्या अरमानचा पार्टनर होता, कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डात दोघांचा धंदा एकत्र चालायचा, हे मला माहीत होतं. तू जाणार आहेस हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. तू सांगायला हवं होतंस. हे अजूनही तसंच आहे.

आता खालाचं. पत्र ऐकून झालं तशी मी उठले आणि तुमच्या घरी गेले. खालाने दार उघडलं आणि तशीच आत गेली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि तुला वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं.

तिने गॅस बंद केला. "म्हणजे मी आता समोर आहे, तरी नाही दिसत?"

"दिसतेस. तोंड नाही दिसत."

"मग कुठून दिसतं?"

"कडेने. मी जरा दुसरीकडे बघितलं की."

ती खुर्ची ओढून माझ्या डावीकडे बसली. "इथे?"

"नाही."

थोडी सरकली. "आता?"

"अजून थोडं मागे."

"आता?"

मी ओट्यावरच्या पातेल्याकडे बघत होते आणि बाजूला ती दिसली. खूप सुरकुत्या पडल्यात गं तिच्या. मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "हां, आता दिसतेस."

"मग मी इथेच बसते," ती म्हणाली. "तू बघून घे."

आम्ही तशाच बसलो, मी पातेल्याकडे बघत आणि ती माझ्याकडे. मग तिने मला जेवायला घातलं. तू तिला फोन करून परत काही विचारू नकोस, तिला रडू येतं.

तू ये, असं मी म्हणत नाही. तारीख तुला माहीत आहे.

सोनम


नेरुळ
१६ फेब्रुवारी

सहर,

या वेळचं पत्र मी आईला दिलं नाही. पाकिटावर तू 'फक्त सोनमने' लिहिलंस ते आईनेच वाचून सांगितलं आणि पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. भिंग घेऊन एकेक शब्द कडेने पकडत वाचलं. दोन संध्याकाळी गेल्या. डोकं दुखलं. पण वाचलं, सगळं.

तू लिहितेस, अरमान म्हणाला होता की आपण नाही गेलो तर यार्डात उद्यापासून रोहन आपलं तोंड बघणार नाही. तू गेलीस, जेवलीस, फोटोत उभी राहिलीस आणि घरी येऊन उलटी केलीस. मला सांगायचं उद्यावर टाकत राहिलीस, आणि तोवर फोटो मी बघितला होता. मग मी तुला ब्लॉक केलं आणि सांगायला कुणी उरलं नाही.

कारण म्हणून मी हे मान्य करते. चांगलं कारण म्हणून नाही. पण खोटं नाही, हे कळतंय.

हळवी झाली नाहीस, बरं केलंस. 'डोळ्यांचं ऐकून वाईट वाटलं' ही एक ओळ, आणि पुढच्याच ओळीत 'निरोप शेवटी लावू नकोस, लोक रडके होऊन घरी जातील'. बरोबर आहे. 'निरोप' जेवणाच्या आधी घेतला. शेवटी 'पाणी'. आणि 'खंडूचा वाढदिवस' घेतला. काल म्हात्रेकाकांनी मला त्यातला एक तुकडा मोठा करून दाखवला. तू म्हणतेस ते खरं होतं. सगळे त्या डब्याकडे बघतात आणि आपल्याला त्यांचे चेहरे दिसतात.

सुपारीची सोलणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, येणं जमेलसं वाटत नाही, असं लिहिलंस. ठीक आहे.

सोनम


नेरुळ
४ मार्च

सहर,

हे पत्र रागात लिहितेय, आधीच सांगते.

आधी दिवस कसा गेला ते. तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. हॉलमध्ये साठेक माणसं आली. मला पंधरा आली असती तरी चाललं असतं. लेकरं पहिल्या भागाला कुजबुजत होती, 'निरोप' लागला तेव्हा गप्प झाली. हौसेराव टाकीबद्दल बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यं बोलून म्हणाले, "जाऊ द्या, पुढचं लावा." म्हात्रेकाका पहिल्या खुर्चीवर बसून प्रत्येक कटला स्वतःलाच बोलत होते. "हितं उशीर झाला. हितं बी झाला." त्यांच्या मुलाने शेवटी त्यांच्या हातात भजीची प्लेट दिली.

मी खुर्ची पडद्याला आडवी लावली होती. भिंतीवरच्या आगीच्या सिलिंडरकडे बघत बसले, म्हणजे पडदा कडेला येतो. एवढा मोठा पडदा, त्यामुळे शाल्मलीचं तोंड माणसाएवढं मोठं झालं होतं. आणि सहर, दिसलं. सगळं नाही. ओठ निसटतात, डोळ्यांची बारीक हालचाल निसटते. पण 'पाणी'मध्ये ती एकेकाकडे बघते तेव्हा तिची मान किती थकलेली आहे ते दिसलं. लहानपणी आपण तिला शूर समजायचो. ती घाबरलेली आहे गं, पूर्ण वेळ. आपल्याला बाराव्या वर्षी ते कळलं नव्हतं.

लोकांना आवडलं. पुढच्या वर्षी 'उल्कायुद्ध' लावायचं ठरलंय, हौसेरावांनी स्वतः जाहीर केलं. मी घरी जाऊन झोपले. खूश होते. एक गोष्ट राहिली असं वाटत होतं, पण तू येणार नाहीस म्हणाली होतीस, तर तसं धरून चालले होते.

आणि काल खालाकडे गेले, रोजा सोडायच्या वेळी खजूर घेऊन. बोलता बोलता ती म्हणाली, "सहर त्या दिवशी रात्रीच्या गाडीनेच परत गेली, राहा म्हटलं तर राहिली नाही."

मी म्हटलं, "कुठल्या दिवशी?"

मग तिला सांगावंच लागलं.

तू आली होतीस. मध्यंतराच्या थोडं आधी. शेवटच्या रांगेच्या मागे उभी होतीस. खालाला तू खुणेने गप्प बसवलंस. मग मध्यंतरात मी चहाचा ट्रे घेऊन मागे आले आणि तुझ्यासमोर धरला. तू कप घेतलास. मी म्हटलं, "साखर आहे हां." तू काही बोलली नाहीस. मी पुढच्या माणसाकडे गेले. तू चहा संपवलास, कप खिडकीत ठेवलास आणि 'पाणी' सुरू व्हायच्या आत निघून गेलीस. खालाला म्हणालीस, "तिने सरळ माझ्याकडे बघितलं, अम्मी. सरळ डोळ्यांत. आणि कुणालाही देतात तसा चहा दिला."

सहर, तुला मी तीन पानं लिहिली होती. मोठ्या अक्षरात. सरळ बघितलं की दिसत नाही, हे लिहिलं होतं. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं म्हणूनच तू मला दिसली नाहीस. तिरकं बघितलं असतं तर कदाचित ओळखलं असतं.

तुला हे माहीत होतं. खाला म्हणते, "माहीत होतं बेटा, पण त्या वेळी तिला तसं वाटलं." मी काल रात्रभर याचा विचार केला. कागदावर वाचलेलं वेगळं आणि समोरच्या माणसाने आपल्याला ओळखलं नाही ते वेगळं, हे मला कळतं. रोज कुणी ना कुणी माझ्यावर असंच रागावतं. लॅबमधली पायल आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. पण त्यांना माहीत नसतं. तू साडेचार तास एसटीत बसून आलीस, माझ्या हातचा चहा प्यालीस, आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस! नुसतं 'सोनम' म्हटलं असतंस. नुसतं 'साखर जास्त झाली' म्हटलं असतंस. तुझा आवाज मी कुठेही ओळखते. मी ट्रे खाली टाकला असता.

तू भ्यालीस. मी तुला लग्नाचा फोटो बघून जसं तोडलं, तसं साठ लोकांसमोर परत तोडीन, असं वाटलं तुला. हे खालाने सांगितलं नाही, मला कळलं. आणि मला वाईट याचं वाटलं की त्यात चूक काही नाही. मी तशी आहेच.

म्हणून आता मीच सांगते, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. मला तुला बघायचं होतं. हे सगळं, म्हात्रेकाका, टेपा, हॉल, चेहऱ्यांचं सूत्र, ते खरंच 'ध्रुवतळ'साठी होतं, खोटं नाही बोलणार. पण यादीत शाल्मली आणि ताम्हण्यांचे चेहरे टाकत होते तेव्हा तुझाही टाकत होते. सहा वर्षांत तो आठवणीत पुसट झालाय. मला आता आठवतो तो फोटोतला, हिरव्या साडीतला हसरा, आणि तोच माझ्याकडे उरावा असं मला वाटत नाही. दुसरा हवा. सुपारी सोलून दमलेला, चाळिशीचा, कसाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी पनवेलहून श्रीवर्धनची सकाळची गाडी धरते. आई म्हणते एकटी जाऊ नकोस, मी म्हटलं रस्ते दिसतात मला, माणसंच दिसत नाहीत. आईने तुझ्यासाठी तिळाची चटणी बांधून ठेवलीय आणि विचारतेय की अरमान अजून तिखट खातो का. त्यालाही सांग की मी येतेय. त्याच्याशी माझं काही भांडण नाही, रोहनचा विषय त्याने काढला नाही म्हणजे झालं.

मी स्टँडवर उतरीन आणि उतरल्या जागी उभी राहीन. शोधणार नाही, मला ते जमत नाही. तू यायचं आणि माझं नाव घ्यायचं, मोठ्याने. मग माझ्या डाव्या हाताला, जरा मागे उभी राहा, मी सांगेन तिथे. मी समोरच्या रसवंतीकडे नाहीतर रिक्षांकडे बघत असेन, बराच वेळ. लोकांना वाटेल ही बाई हिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तू मात्र हलू नकोस.

सोनम